कॅरिबियन क्रूझवर उतरायचं कुठे? बंदरातल्या सहली आणि किनारे ठरवण्याचा क्रम

दिवाळी उरकली की मला ठरावीक फोन येऊ लागतात. डिसेंबरची क्रूझ बुक झालेली असते, आई-बाबा भारतातून यायचे असतात, आणि प्रश्न एकच असतो: "सेंट थॉमसला कुठला बीच चांगला?" मी उलट विचारते, बोट किती वाजता लागते, धक्का कोणता, पोहायला कोणाकोणाला येतं? पलीकडे शांतता. फोटो पाहून किनारा ठरलेला असतो, बाकीचं त्यात बसवायचं चाललेलं असतं. क्रम नेमका उलटा हवा. आधी वेळ, मग धक्का, मग वारा, मग आपली माणसं. किनारा सर्वांत शेवटी, आणि तोवर तो बहुतेक आपोआप ठरलेला असतो.

सुरुवातीलाच एक इशारा. "क्रूझला पासपोर्ट लागत नाही" हे शेजाऱ्यांचं वाक्य फक्त अमेरिकन नागरिकांना लागू आहे, तेही अमेरिकेच्या त्याच बंदरात परतणाऱ्या बोटीवर. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी बोट मायामीला परतली की तो अमेरिकेतला नवा प्रवेश असतो. आई-बाबांचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे का, आणि एच-१बी वाल्यांचा शिक्का अजून चालू आहे का, हे आधी बघा. वाटेतल्या प्रत्येक देशाचा नियम क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या. हे झाल्याशिवाय पुढे वाचण्यात अर्थ नाही.

## १. हातात खरे तास किती, ते काढा

वेळापत्रकात "कोझुमेल, सकाळी ८ ते संध्याकाळी ५" असं असतं. घरातले सगळे म्हणतात, वा, नऊ तास! आता वजाबाकी करा.

आठला बोट धक्क्याला लागते. तिथल्या अधिकाऱ्यांची परवानगी आल्यावरच दार उघडतं. लिफ्टची रांग, धक्क्यावरची लांब चाल, टॅक्सीची रांग हे सगळं धरलं तर किनाऱ्यावर टॉवेल पसरेपर्यंत साडेनऊ. संध्याकाळी पाच ही बोट सुटण्याची वेळ आहे. तुम्ही आत असायची वेळ साधारण अर्धा तास आधीची, म्हणजे साडेचार. काही बंदरांत ती तासभर आधीचीही असते. मी धक्क्यावर त्याआधी एक तास पोहोचते, म्हणजे साडेतीन. त्यासाठी किनारा तीनला सोडायचा. उरले साडेपाच तास.

प्रत्येक बंदरासाठी हे गणित कागदावर करा. ज्या बंदरात चार तासांपेक्षा कमी उरतात, तिथे "एक ठिकाण आणि परत" एवढंच ठेवा.

### बोटीचं घड्याळ आणि गावाचं घड्याळ

सर्वांत महाग चूक इथे होते. बऱ्याच बोटी पूर्ण प्रवासभर निघालेल्या बंदराची वेळ पाळतात. तुमचा फोन मात्र किनाऱ्यावरचा टॉवर पकडतो आणि तिथली वेळ दाखवू लागतो.

कोझुमेल मेक्सिकोच्या किंताना रू राज्यात येतं. तिथे घड्याळ वर्षभर बदलत नाही. मायामीत मार्च ते नोव्हेंबर घड्याळ एक तास पुढे केलेलं असतं. म्हणजे जुलैत मायामीहून निघालात, तर बोटीवर साडेचार वाजतात तेव्हा कोझुमेलच्या फोनवर साडेतीन दिसतात. "अजून तासभर आहे" म्हणत तुम्ही दुसरं शहाळं फोडता. जमैका आणि ग्रँड केमन इथेही उन्हाळ्यात हाच फरक. बेलीझ आणि होंडुरासचं रोआतान तर हिवाळ्यातही मायामीच्या एक तास मागे असतात आणि उन्हाळ्यात दोन तास. सेंट थॉमस, सेंट मार्टेन, बार्बाडोस हिवाळ्यात एक तास पुढे असतात. तिथे चूक झाली तरी तुम्ही लवकर पोहोचता, एवढंच. टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनहून निघणाऱ्यांनी हे सगळं पुन्हा मोजायचं, कारण त्यांची वेळ मायामीच्या एक तास मागे.

आमच्याबरोबरच्या एका जोडप्याचं असंच झालं होतं. दोघं धक्क्यावरून धावत येताना वरच्या डेकवरून चारशे लोक टाळ्या वाजवत होते. चढले बिचारे, पण काकूंनी पुढचे दोन दिवस जेवायला खाली यायचं टाळलं.

तपासा: मनगटावर साधं घड्याळ, बोटीच्या वेळेला लावलेलं. ते हलवायचं नाही. फोनमधली "आपोआप वेळ" बंद. बोटीवर वेळ बदलणार असेल तर आदल्या संध्याकाळच्या पत्रकात किंवा अ‍ॅपमध्ये तसं येतं, तेव्हाच हात लावा.

## २. धक्का की लाँच, आणि कोणता धक्का

काही बंदरांत मोठी बोट किनाऱ्याला लागतच नाही. ती बाहेर नांगर टाकते आणि छोट्या बोटींनी लोकांना नेतात. याला टेंडर म्हणतात. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये चढलेल्यांना वेगळं सांगायला नको: पायरी हलते, मधे फट असते, हात देणारा खलाशी असतो, तरी पाऊल टाकायचं ते आपल्यालाच. ग्रँड केमन आणि बेलीझ सिटी ही अशी बंदरं. बेलीझला बोट इतकी बाहेर थांबते की लाँचचाच प्रवास वीस-तीस मिनिटांचा होतो.

टेंडर असेल तर गणितातून आणखी तास-दीड तास काढा. सकाळी आधी बोटीच्या सहलीवाल्यांना, म्हणजे क्रूझ कंपनीकडूनच सहल घेतलेल्यांना नेतात, बाकीच्यांना नंबर मिळतो. म्हणून टेंडरच्या बंदरात बाहेरच्या माणसाबरोबर सकाळी नऊची सहल कधीही ठरवू नका. परतताना शेवटची लाँच बोट सुटायच्या बरीच आधी निघते, आणि तिच्यासाठी उन्हात रांग लागते. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगते: समुद्र हलता असेल तर खलाशी त्यांना उतरू देत नाहीत, आणि ते बरोबर करतात.

धक्क्याचं नावही बघा. कोझुमेलला तीन आहेत. पुंता लँगोस्ता गावातच आहे, बाकीचे दोन दक्षिणेला. सेंट थॉमसला हॅव्हनसाइट आणि क्राउन बे, गावाच्या दोन बाजूंना. "धक्क्यापासून पाच मिनिटं" असं कोणी लिहिलं असेल तर विचारा, कोणत्या?

जमैकाचं उदाहरण घ्या. डन्स रिव्हर धबधबा सगळ्यांना हवा असतो. बोट ओचो रिओसला लागली तर तो दहा मिनिटांवर. फालमथला लागली तर तासाभराचा रस्ता. देश एक, धबधबा एक, दिवस मात्र वेगळा.

## ३. भरती-ओहोटी विसरा, वाऱ्याची बाजू बघा

आपण कोकणातली माणसं समुद्र म्हटला की आधी भरतीची वेळ विचारतो. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाणी ओहोटीपेक्षा साडेचार-पाच मीटर चढतं, त्यामुळे ती सवय योग्यच. कॅरिबियनमध्ये बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटीचा फरक अर्ध्या मीटरच्या आत असतो. सकाळी दिसलेला किनारा दुपारी तेवढाच असतो. तिथे हुकूम वाऱ्याचा चालतो.

वर्षातला बराच काळ वारा पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो. म्हणून बेटाची पूर्व बाजू खवळलेली, पश्चिम बाजू शांत. बार्बाडोसच्या पूर्वेचं बाथशीबा फोटोत अप्रतिम दिसतं आणि प्रत्यक्षातही आहे, पण ते बघायचं, पोहायचं नाही. पोहायला नैर्ऋत्येचं कार्लाइल बे किंवा पश्चिम किनारा. कोझुमेलचंही तसंच: पश्चिमेला तळ्यासारखं पाणी, पूर्वेला लाटा आणि ओढ.

सार्गॅसम नावाचं तपकिरी शेवाळ वाहून येतं तेही याच वाऱ्या-प्रवाहांबरोबर. २०११ पासून ते मोठ्या प्रमाणात येऊ लागलं. साधारण वसंतापासून उन्हाळा संपेपर्यंत जोर असतो, आणि पूर्वेकडे तोंड असलेले किनारे आधी भरतात. कुजलं की वास अंड्याचा. मेक्सिकोच्या कोस्ता मायाचा महाहुआल (Mahahual) किनारा पूर्वाभिमुख आहे. तिथे त्या महिन्यांत किनाऱ्याच्या भरवशावर राहू नका, चाक्चोबेनचे माया अवशेष बघायला जा. जायच्या आठवड्यात त्या किनाऱ्याचा थेट कॅमेरा मिळतो का ते शोधा. गेल्या वर्षीचे फोटो उपयोगाचे नाहीत.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट होते. उत्तरेकडून थंड हवेचा झोत आला की शांत बाजूही बिघडते. ग्रँड केमनला अशा दिवशी जॉर्ज टाउनऐवजी दक्षिणेच्या स्पॉट्स इथे उतरवतात, किंवा बंदरच वगळतात. बहामाचं पाणी जानेवारीत आपल्याला गारच वाटतं. मुलांना मनसोक्त डुंबायचं असेल तर हिवाळ्याच्या क्रूझवर त्या आशा दक्षिणेच्या बंदरांवर ठेवा. बहामात कंपनीचं खाजगी बेट असेल, उदाहरणार्थ कोकोके किंवा कॅस्टअवे के, तर तिथे वेगळी सहल विकत घेऊच नका. खुर्ची आणि दुपारचं जेवण बहुतेक तिकिटातच असतं.

इशारा: किनाऱ्यावर लाल पट्टा रंगवलेलं झाड दिसलं, किंवा हिरव्या छोट्या सफरचंदासारखी फळं पडलेली दिसली, तर तिथून हला. ते मँचिनील. फळ विषारी, चीक लागला तर कातडीवर फोड येतात, आणि पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी पानांवरून गळणारं पाणी भाजतं. मुलांना आधीच सांगून ठेवा. झाड प्रत्येक ठिकाणी रंगवलेलं असतंच असं नाही.

## ४. आपल्याबरोबर कोण आहे?

इथे प्रामाणिक राहा. "आईला आवडेल" आणि "आईला झेपेल" या दोन वेगळ्या याद्या आहेत.

पोहता न येणारे असतील तर "स्नॉर्कलिंग, सर्वांसाठी" या शब्दांवर विश्वास ठेवू नका. विचारा: पाण्यात उतरतो तिथे पाय टेकतात का? शिडीने उतरायचं की चालत? ग्रँड केमनचं स्टिंगरे सिटी यात बसतं, कारण तो समुद्रातला वाळूचा उंचवटा आहे, पाणी कमरे-छातीपर्यंत. मात्र तिथे जायलाही बोट, आणि उतरायला शिडी. स्टिंगरे माशांमध्ये पाऊल उचलून टाकायचं नाही, घासत सरकवायचं.

सत्तरीच्या माणसांसाठी मी तीनच गोष्टी बघते: सावली, खुर्ची, स्वच्छतागृह. सेंट थॉमसचं मॅगेन्स बे इथे उत्तम. प्रवेशाचे पैसे पडतात, पण तिन्ही गोष्टी मिळतात आणि पाणी संथ असतं. ग्रँड टर्कला तर धक्क्याशेजारीच किनारा आहे. टॅक्सीच नको.

कपड्यांचा संकोच बाळगू नका. लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा पोहायचा सदरा घालून माझी सासू सेव्हन माइल बीचवर तासभर पाण्यात होती. कोणी ढुंकून पाहिलं नाही. उलट ऊन लागलं नाही ते वेगळंच. एक कपडा मात्र घरी ठेवा: लष्करी ठिपक्यांचा. बार्बाडोस, जमैका, सेंट लुशिया इथे तो सामान्य माणसाने घालणं बेकायदा आहे, लहान मुलांनीही.

खाण्याचं गणित वेगळं. "सगळं समाविष्ट" अशा बीच क्लबच्या दरात दारू मोठा वाटा खाते. चौघांत दोघं शाकाहारी आणि तिघं न पिणारे असतील तर तुम्ही दुसऱ्यांची मार्गारिटा भरताय. फक्त प्रवेश किंवा खाल तेवढं द्या, अशी सोय विचारा. मेक्सिकोत घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी असू शकते. "सिन मांतेका" हे दोन शब्द पाठ करा. "सिन कार्ने" म्हटलं तरी कोंबडी येऊ शकते, ती तिथे "मांस" मोजत नाहीत. जमैकात "आयटल" लिहिलेलं दिसलं तर खुशाल जा. ते रास्ताफारी पंथाचं जेवण, बहुतेक वेळा पूर्ण शाकाहारी, मीठ मात्र बेताचं. बार्बाडोसला रोटीचं दुकान शोधा. बटाटा-चण्याची मागा.

बोटीवरच्या बुफेतली फळं आणि घरचे डबे किनाऱ्यावर नेता येत नाहीत. बंद पाकिटातला चिवडा चालतो.

## ५. सहल बोटीची की आपली?

सगळे पैशांवरून भांडतात. मी दोनच प्रश्न विचारते. वाटेत पुन्हा पाणी ओलांडायचं आहे का? परतीचा रस्ता एकच आहे का, जो अडकला तर पर्याय नाही? दोन्हींपैकी एकाचं उत्तर "हो" असेल तर बोटीची सहल घ्या. तिची बस उशिरा आली तर बोट थांबते, किंवा कंपनी स्वतःच्या खर्चाने पुढच्या बंदराला पोहोचवते. तुमच्या टॅक्सीसाठी कोणी थांबत नाही.

कोझुमेलहून तुलूमचे अवशेष: आधी फेरीने प्लाया देल कारमेन, पाऊण तास, मग रस्त्याने आणखी तासभर, आणि तेच परत. बोटीचीच सहल. बेलीझमध्ये गुहेतल्या नदीत ट्यूबवर तरंगणं: आत खोल जावं लागतं, वर टेंडर. बोटीचीच.

सेंट थॉमसहून सेंट जॉनचं ट्रंक बे हे मधलं प्रकरण. हॅव्हनसाइटहून टॅक्सीने रेड हुक, तिथून वीस मिनिटांची फेरी, मग क्रूझ बेहून पुन्हा टॅक्सी. तीन टप्पे, प्रत्येक टप्प्याला थांबणं. साडेसहा तासांपेक्षा कमी हातात असतील तर मी करत नाही.

सेंट मार्टेनचं माहो बीच, जिथे विमानं डोक्यावरून जातात, हे कागदावर फार जवळ दिसतं. पण सिंप्सन बेचा पूल होड्यांसाठी उघडतो तेव्हा वाहनं थांबतात, आणि दुपारी रस्ता तसाही तुंबलेला असतो. मोठी विमानं येतात तीही दुपारीच! जायचं तर निघायची वेळ आधी ठरवा आणि शेवटच्या विमानासाठी थांबू नका. कुंपणाला धरून इंजिनाच्या झोतात उभं राहायचं धाडस करू नका. त्यात लोक गंभीर जखमी झाले आहेत, २०१७ मध्ये एका बाईंचा मृत्यूही झाला.

याउलट कोझुमेलचा पश्चिम किनारा, बार्बाडोसचं कार्लाइल बे, नासाऊचं जंकानू बीच, अरुबाचं ईगल बीच: हे स्वतः करा. बोटीची सहल म्हणजे तिथे फक्त महागडी टॅक्सी. (बार्बाडोसला उतरलात तर केन्सिंग्टन ओव्हल बंदराहून फार लांब नाही. २०२४ चा विश्वचषक तिथेच जिंकला. आमच्या घरातल्या पुरुषांनी किनारा सोडून स्टेडियमचं फाटक बघितलं आणि खूश होऊन आले.)

## ६. बुकिंग या क्रमाने

1. आधी टेंडरची बंदरं आणि लांबच्या सहली. जागा मर्यादित, लवकर संपतात.
2. बोटीच्या सहलींचे दर निघेपर्यंत वरखाली होतात. साधारणपणे प्रवासाआधी पूर्ण परताव्याने रद्द करता येतात, म्हणून दर उतरला की रद्द करून पुन्हा घ्या. मुदत तुमच्या कंपनीची बघा.
3. बाहेरच्यांकडे घेताना एक वाक्य लेखी मागा: "बोट बंदराला लागली नाही तर पूर्ण पैसे परत." हवामानाने बंदर वगळणं नेहमीचं आहे, विशेषतः १ जून ते ३० नोव्हेंबर या वादळांच्या काळात.
4. सलग दोन बंदरांत पूर्ण दिवसाची सहल नको. तिसऱ्या दिवशी कोणीच उठत नाही.

## ७. उतरताना आणि परतताना

आदल्या रात्री पिशवी: बोटीचं कार्ड, फोटो ओळखपत्र, पासपोर्टची झेरॉक्स, रोजची औषधं, सुटे डॉलर, पाण्यात घालायचे बूट. सनक्रीमची बाटली वाचा. यू.एस. व्हर्जिन आयलंड्समध्ये प्रवाळांना घातक ऑक्सिबेन्झोनवर बंदी आहे, झिंक ऑक्साइडचं घ्या. दैनिक पत्रकात बंदरातल्या एजंटचा फोन छापलेला असतो, त्याचा फोटो काढा.

टॅक्सीत बसायच्या आधी तीन प्रश्न: माणशी की गाडीचे? एका बाजूचे की दोन्ही? कोणते डॉलर? कोझुमेलला दर गाडीचा, धक्क्यावर फलक असतो. सेंट थॉमसला माणशी, आणि उघड्या बाकड्यांच्या गाडीत इतरांबरोबर. बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक. पूर्व कॅरिबियनचे २.७० म्हणजे एक. केमनचा डॉलर मात्र अमेरिकेच्या डॉलरपेक्षा महाग, स्थिर दर १.२०. "फक्त वीस डॉलर" ऐकून खूश व्हायच्या आधी विचारा.

परतीचे पैसे आधी देऊ नका. ड्रायव्हर चांगला वाटला तर वेळ ठरवा, पण तो आला नाही तर दुसरी टॅक्सी कुठे मिळते ते सकाळीच बघून ठेवा.

कोणी हरवलं तर भेटायची जागा आणि वेळ बोटीच्या घड्याळाने ठरवा. आमच्याकडे नियम साधा आहे: ठरलेल्या वेळी एक जण आला नाही तर एकच मोठा माणूस मागे थांबतो, बाकीचे मुलांना घेऊन बोटीवर जातात. बोट खरोखर सुटलीच, तर बऱ्याचदा कर्मचारी खोलीतल्या तिजोरीतला पासपोर्ट काढून बंदरातल्या एजंटकडे ठेवून जातात. म्हणून पासपोर्ट तिजोरीतच हवा, सुटकेसच्या तळाशी साडीच्या घडीत नको.